फ्लॅट तीनशे तीनचे पळपुटे भाडेकरू

अकोल्यात आजवर जेवढे गुन्हे घडले त्यातले निम्मे रविकांत पुराणिकांनी सोडवले आणि उरलेले निम्मे त्यांच्या धाकानं घडलेच नाहीत. हे आम्ही म्हणत नाही, त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं आहे. कार्डाच्या मागच्या बाजूला आणखी आहे : 'नजर घारीची, चाल मांजराची, स्मरणशक्ती हत्तीची.' एका शाळेत बत्तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळून ते निवृत्त झाले, तेव्हा शाळेनं त्यांना शाल आणि नारळ दिला. भिंग त्यांनी स्वतःहून घेतलं.

हे अख्खं प्राणिसंग्रहालय गावोगाव वाहून न्यायचं काम नत्थुजींकडे होतं. सहायकाच्या जागेसाठी साहेबांची अट एकच, दुचाकी स्वतःची पाहिजे. नत्थुजींचं वय अठ्ठावन्न, कंबर दुखरी, स्कूटर बारा वर्षांची. साहेब मागं बसून तर्क करायचे आणि नत्थुजी पुढं बसून खड्डे चुकवायचे. सात वर्षांत साहेबांचे तर्क किती बरोबर निघाले ते नत्थुजींना कुणी विचारलं, तर ते म्हणत, "खड्डे बाकी बहुतेक चुकले."

पण या वेळची केस नत्थुजींच्या जिवाला लागलेली होती. मोर्शीजवळ दिलेली त्यांची चुलत बहीण गोदाबाई फोनवर चक्क रडली होती. गोदाबाई म्हणजे खंबीर बाई. बैल उधळला तरी हातातली भाकर थापून मगच उठणारी. ती रडते म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

झालं होतं असं. गोदाबाईचे मालक पंजाबराव हे पिढीजात संत्र्याचे कास्तकार. दोन वर्षांमागं त्यांच्या बागेतली दोन एकरातली झाडं रोगानं वाळली. पोरगा नोकरीसाठी बाहेर, वय साठीच्या पुढं, नवी बाग लावून फळ यायला पाच-सहा वर्षं. शेवटी ते दोन एकर विकले आणि अमरावतीत कठोरा रोडला फ्लॅट घेतला. भाड्यानं द्यायचा, म्हातारपणी दोघांना कुणापुढं हात पसरायला नको, असा हिशेब. फ्लॅट गोदाबाईच्या नावानं केला. तिच्या जन्मात तिच्या नावाची ही पहिलीच वस्तू. दारावरच्या पाटीला ती पदरानं पुसायची.

आणि त्या फ्लॅटमध्ये भाडेकरूच टिकेना! बँकेतला श्रेयस बायकोला घेऊन आला आणि दोन महिन्यांत 'बदली झाली' म्हणून गेला. नंतर तो त्याच रस्त्यावर दूध घेताना दिसला. कॉलेजातला अमोल सर अडीच महिन्यांत 'पाणी मानवत नाही' म्हणून गेला, आणि दोन गल्ल्या सोडून त्याच टाकीचं पाणी प्यायला लागला. आता तिसरी, दातांची डॉक्टर श्रावणी. तिनंही नोटीस दिली होती. महिनाअखेरीस रविवार येत होता, त्या दिवशी ती जाणार होती.

"दादा," गोदाबाई फोनवर म्हणाली, "हे म्हनतेत हे बी गेली का सोमवारी कुलदीपले फ्लॅट देऊन टाकतो. तो दलाल पडेल भावात मांगून राह्यला. वावर गेलं, आता घरबी जाईन. काही तरी कर, माह्या नावाचं तेवढंच हाय रे!"

साहेबांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "नत्थुजी, एक भाडेकरू गेला तर योगायोग. दोन गेले तर दुर्दैव. तीन गेले तर कारस्थान! स्कूटरमध्ये पेट्रोल टाका."

पेट्रोलचे पैसे नत्थुजींनी दिले, हे वेगळं सांगायला नको.

मूर्तिजापूर, बडनेरा करत दोघं बुधवारी दुपारी फ्लॅटवर पोचले. पंजाबराव खाली वाटच पाहत उभे होते. उंच, काटक, डोक्यावर टोपी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. डॉक्टरबाई दवाखान्यात होत्या. पंजाबरावांनी खिशातून किल्ली काढली, दार उघडलं आणि सगळे आत गेले.

"कागदपत्रं!" साहेब कडाडले.

पंजाबरावांनी पिशवीतून फाईल काढली. माणूस नवा घरमालक असला तरी कच्चा नव्हता. करारनामा नोंदवलेला होता. भाडेकरूची पोलिसात दिलेली माहिती, तिची पोचपावती. दोन महिन्यांच्या अनामत रकमेची पावती. किल्ली देण्याआधी नळापासून पंख्यापर्यंत एकेका वस्तूचा फोटो काढून त्यावर दोघांच्या सह्या. वीजमीटरचा आकडासुद्धा लिहून ठेवला होता. नत्थुजी मनात म्हणाले, बाप्पा! आपण वरची खोली भाड्यानं दिली तेव्हा यातलं एकही केलं नव्हतं, म्हणून तर भाडेकरू आपला कूलर घेऊन गेला.

साहेबांनी करारनाम्यावरचे शिक्के भिंगातून तपासले. सहा पानांवरचे सगळे शिक्के तपासले, मजकूर मात्र वाचला नाही. शिक्का खोटा असू शकतो, मजकूर तर काय टाइप केलेलाच असतो, असं त्यांचं मत पडलं.

मग त्यांनी जमिनीवर लोळण घेतली. पायपुसण्यावर मातीचे कण होते.

"काळी माती!" साहेब म्हणाले. "गुन्हेगार काळ्या मातीच्या प्रदेशातून येतो."

"साहेब, सगळ्या वऱ्हाडात काळीच माती हाय," नत्थुजी म्हणाले.

"म्हणजे कोकणातले लोक सुटले. संशयितांची संख्या घटत चालली आहे."

गॅलरीत संत्र्याची सालं वाळत पडलेली. साहेबांनी एक साल नाकाशी धरली. "वरूड-मोर्शी पट्टा. आंबिया बहाराचं फळ. इथं फळांच्या तस्करांचा अड्डा होता, आणि भाडेकरूंना ते कळलं होतं!"

"संत्र्याची कोणी तस्करी करते काय?" नत्थुजींनी विचारलं. "बजारात ढिगानं पडून हाय."

"म्हणूनच कुणाला संशय येत नाही."

न्हाणीघराच्या भिंतीवर निळ्या खडूच्या आडव्या रेघा होत्या. एकावर एक, आठ रेघा. प्रत्येकीपुढं बारीक अक्षरात मंगळ, शनि, मंगळ, शनि असं लिहिलेलं. साहेबांनी भिंग सरसावलं. "मंगळ आणि शनि! पापग्रह! नत्थुजी, हा अघोरी प्रकार आहे."

"साहेब, ते तर..." पंजाबरावांनी तोंड उघडलं.

"साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलू नये!"

पंजाबराव सोफ्यावर जाऊन बसले. मोठ्या माणसाचा मान राखायचं वळण होतं त्यांना.

"आता विचारतो," साहेब म्हणाले. "या फ्लॅटमध्ये भाडेकरूंखेरीज बाहेरचं कोणी येतं का?"

"नाई," पंजाबराव ठामपणे म्हणाले. "कोनीच नाई येत."

तेवढ्यात दार उघडं पाहून श्रावणी आत आली. डबा खायला घरी आली होती बिचारी. तिनं पाहिलं तर मालक सोफ्यावर, एक अनोळखी गृहस्थ तिच्या न्हाणीघरात भिंतीला नाक लावून, आणि दुसरा तिच्या पायपुसण्यावरची माती कागदाच्या पुडीत बांधतोय. ती पंजाबरावांना म्हणाली, "आलात का काका? बसा." आणि आतल्या खोलीत जाऊन खोक्याला चिकटपट्टी लावायला लागली. चर्र, चर्र असा आवाज बराच वेळ येत होता. नत्थुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली आल्यावर साहेब म्हणाले, "मुलगी काहीतरी लपवते आहे."

"तिलेच इचारून पाहू का, काहून चालली म्हनून?" नत्थुजी म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडं कीव करून पाहिलं. "नत्थुजी, विचारल्यावर कळत असतं तर गुप्तहेर कशाला लागले असते?"

नत्थुजींनी स्कूटरला किक मारली. सात वर्षांत अशी पुष्कळदा मारली होती.

गुरुवारी आणि शुक्रवारी संशयाची सुई कुलदीपकडं वळली. फ्लॅट पडेल भावात मिळावा म्हणून दलालच भाडेकरू पळवतोय, हा तर्क नत्थुजींनाही पटला. साहेबांच्या तोंडून निघालेला हा पहिलाच पटण्यासारखा तर्क, त्यामुळं नत्थुजी जरा घाबरलेच. दोन दिवस त्यांनी कुलदीपचा पाठलाग केला. कुलदीप सकाळी गाडीवर गिलावडा खाई, दुपारी लोकांना प्लॉट दाखवी आणि जेवल्यावर ऑफिसात खुर्चीत झोपे. शुक्रवारी संध्याकाळी तो सरळ पानठेल्यामागं आला, जिथं हे दोघं वर्तमानपत्रं धरून उभे होते.

"काकाजी, दोन दिवसांपासून पाहून राह्यलो, तुमी लाजून राह्यले. बजेट कमी हाय काय? सांगा ना बिनधास्त. हप्त्यानं करून देतो."

त्यानं दोघांना एकेक रंगीत पत्रक दिलं. तीनशे तीनबद्दल नत्थुजींनी विचारलं, तर म्हणाला, "मी काहून पळवीन भाडेकरू? अमोल सरले मीच आनलं होतं. तो दुसऱ्या ठिकानी गेला, तिथलं कमिशन बी मले नाई भेटलं! नुकसान मायं झालं." आणि तो खरंच हळहळला.

"इतका निर्दोष माणूस मी प्रथमच पाहतो आहे," साहेब म्हणाले. "हेच संशयास्पद आहे." तरी पत्रक त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

शनिवार उजाडला. हातात एकच दिवस उरला होता. भिंतीवर 'शनि' लिहिलंय म्हणजे शनिवारी काहीतरी होणार, एवढं साहेबांना उमगलं होतं. त्यामुळं पहाटे साडेपाचपासून दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात दबा धरून बसले. चाल मांजराची असली तरी खोकला म्हशीचा होता. थंडी मी म्हणत होती. नत्थुजींच्या कंबरेत कळा येत होत्या आणि डोळ्यांसमोर गोदाबाईचा पदर येत होता, ती पाटी पुसणारा.

सहाला दहा कमी असताना खालून चपला वाजल्या. मफलर गुंडाळलेला एक माणूस हातात पिशवी घेऊन वर आला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं नाही, खिशातून किल्ली काढली, तीनशे तीनचं कुलूप उघडलं आणि घरात शिरला.

नत्थुजींनी साहेबांची बाही ओढली. "साहेब! पाह्यलं काय?"

"पाहिलं," साहेब शांतपणे म्हणाले. "पंजाबराव आहेत. घरमालक. त्यांना वगळा. आपण गुन्हेगाराची वाट पाहतोय."

"पन साहेब, हे पहाटेचे सहा..."

"शू! लक्ष विचलित करू नका."

पण नत्थुजींच्या डोक्यात काहीतरी वळवळायला लागलं. पायपुसण्यावरची माती, संत्र्याची सालं, ती सहज खिशातून निघणारी किल्ली. तेवढ्यात जिन्यावरून धापा टाकत आणखी कुणीतरी आलं. गोदाबाई! ती आदल्या दिवशी भाचीकडं मुक्कामाला आली होती. हातात मुगाच्या वड्यांचा गरम डबा. डॉक्टरबाईच्या पाया पडायची वेळ आली तरी चालेल, पण तिला थांबवायचं, असं ठरवून आली होती.

"दादा, तू इथं काय करून राह्यला?" ती म्हणाली. "अन् ह्या दारातल्या चपला... ह्या तर यांच्या हायत! हे तर मंडीत गेले ना?"

तिनं दार ढकललं. मागोमाग नत्थुजी. त्यांच्या मागं, गुन्हेगाराची वाट अर्ध्यावर सोडून, साहेब.

आत दिवा लागलेला होता. तोंडात ब्रश धरून, खांद्यावर शाल घेऊन श्रावणी ओट्याशी उभी होती. पंजाबरावांनी फ्रिज उघडला होता आणि ते आतल्या भेंड्यांना बोलत होते. "वाळून राह्यल्या ह्या. फडक्यात गुंडाळून ठेवत जा, मॅडम."

गोदाबाईनं डबा ओट्यावर आपटला. नवऱ्याकडं पाहिलं नाही. सरळ श्रावणीपुढं जाऊन उभी राहिली.

"बाई, माह्या लेकीसारकी तू. खरं खरं सांग. काहून चालली घर सोडून?"

श्रावणीनं चूळ भरली. पंजाबरावांकडं पाहिलं, मग गोदाबाईकडं. आणि तिचे डोळेच भरून आले.

"काकू, काका फार चांगले आहेत हो. म्हणून तर बोलता येत नाही. पण दर मंगळवारी आणि शनिवारी पहाटे सहाला ते येतात. स्वतःच्या किल्लीनं. नळ फिरवून पाहतात. भिंतीची ओल कितीपर्यंत चढली त्याच्या रेघा मारतात. मी झोपेतून उठते तर हॉलमध्ये काका! मागच्या महिन्यात गावाकडचे पाहुणे दवाखान्यासाठी आले, ते इथंच झोपले. गॅलरीत तूर वाळवली. आणि दर वेळी संत्र्यांची एवढी मोठी पिशवी आणतात. हातात संत्र्यांची पिशवी असलेल्या माणसाला 'येऊ नका' कसं म्हणायचं? आधीच्या लोकांनाही म्हणता आलं नाही. मी फोन केला होता त्यांना."

नत्थुजींनी साहेबांकडं पाहिलं. साहेब भिंग पुसत होते.

"अवो!" गोदाबाई गरजली. "दादा सांगत होता, साहेबांनी इचारलं तवा तुमी म्हनले कोनीच येत नाई!"

"मंग?" पंजाबराव खरोखर गोंधळले होते. "मी काय बाहेरचा हाओ काय? मी मालक हाओ! वावरात कोन आलतं इचारलं त का मी सोताचं नाव सांगतो?"

"हे वावर नोहे ना पन!"

"माह्या बापानं एकच गोस्ट शिकवली," पंजाबराव म्हणाले. "रोज मालकाचं पाऊल पडलं का वावर पिकते. कुंपन पाहा, पानी पाहा, पानं पाहा. मी मानूस चांगला ठेवला, कागद पक्के केले, अन् चकरा मारल्या. चुकलं काय?"

"तिथं झाडं राह्यतात," गोदाबाई म्हणाली, "इथं पोरगी राह्यते. तिले तुमच्या पावलाचा धाक बसते."

पंजाबराव खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दोन एकर इकले," ते हळूच म्हणाले, "पन पायाले कोन सांगन, गोदा? तीन वाजता उठून बसतेत. उरलेली बाग अंधारातच साडेचारपर्यंत फिरून होते. मंग काय करू? फटफटी काढतो अन् इकडं येतो. हे बी आपलंच म्हनून येतो."

हे ऐकून गोदाबाईचा राग कुठल्या कुठं गेला. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं मनातलं असं चारचौघांत कधी सांगितलं नव्हतं. ती त्यांच्याजवळ बसली, पण हात मात्र पुढं केला.

"किल्ली आना इकडं."

पंजाबरावांनी किल्ली दिली. तिनं ती पदराच्या गाठीत बांधली. "घर माह्या नावाचं हाय. म्हनून आजपासून घरमालकीन मी. बाई, तुले कसं पाह्यजे ते सांग, दादा लिहून घेईन."

नत्थुजींनी पंजाबरावांकडं करारनामा मागितला आणि चक्क मजकूर वाचला. सहाव्या पानावर छापलेलंच होतं : घरमालकानं पाहणीसाठी यायचं असेल तर चोवीस तास आधी कळवावं आणि भाडेकरूच्या सोयीनं यावं. त्यावर निळ्या खडूनं काट मारलेली होती.

"ते मीच मारली," पंजाबराव म्हणाले. "मले वाटलं, हे परक्या मालकासाठी असन."

नत्थुजींनी काट पुसली आणि ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, दोन वेळा. ओल दुरुस्त करायला आठवडाभरात गवंडी आणायचा, तोही विचारून, असं खाली पेनानं लिहिलं. गोदाबाईनं सही केली. आपल्या नावाची पुरी सही, एकेक अक्षर सावकाश. श्रावणीनं एक मुगाचा वडा तोंडात टाकला, आतल्या खोलीत गेली, आणि चिकटपट्टी ओढून काढायचा आवाज यायला लागला. गोदाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि कुलदीपला फोन लावून सांगितलं, सोमवारी येऊ नको म्हणून.

"माझा अंदाज होताच," साहेब म्हणाले. "आतला माणूस!"

"साहेब, तुमी त्यायले वगळलं होतं," नत्थुजी म्हणाले.

"वगळण्याचा देखावा केला होता. गुन्हेगार गाफील राहावा म्हणून."

नत्थुजींनी त्यांच्या हातात दोन वडे दिले. तोंड भरलेलं असलं की साहेब तर्क करत नाहीत.

तासाभरानं सगळे खाली उतरले. नत्थुजी स्कूटरला किक मारत होते, किक लागत नव्हती, आणि पंजाबराव कुठं दिसत नव्हते. इमारतीच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, सोसायटीनं बाग म्हणून सोडलेला एक उकिरडा होता. तिथं एक लिंबाचं झाड अर्धं वाळून उभं होतं. पंजाबराव त्याच्या बुडाशी उकिडवे बसून माती बोटांनी चुरून पाहत होते.

"पानी नाई भेटलं याले," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "मरायले नाई झालं अजून. आळं केलं त उठन."

चौकीदार जवळ आला होता. पंजाबरावांनी त्याला फावडं मागितलं. मग थबकले आणि विचारलं, "इथं आलेलं चालते ना? का कोनाले इचारा लागते?"

"या की, पाटील," चौकीदार म्हणाला. "इथं कोनी फिरकत नाई."

पंजाबरावांनी बाह्या वर केल्या. एवढ्यात वरून हाक आली. श्रावणी गॅलरीत उभी होती, हातात चहाचं भांडं.

"काका! आलं टाकलंय. सगळ्यांना घेऊन वर या ना!"

पंजाबरावांनी मान वर करून पाहिलं. फावडं बगलेत धरलं आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले,

"आज नाई जमत, मॅडम! चोवीस तास आधी सांगा लागते!"